चहा वजा जाता

सिंगापूरच्या बेटावर आजवर जेवढी मराठी माणसं उतरली, त्यांत समोर आलेल्या चहाला नाही म्हणणारा माणूस एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीच्या गोतावळ्यातला. खोटं वाटत असेल तर बिशानपासून पुंगोलपर्यंत कुठल्याही मराठी घरी जाऊन विचारा. त्याने परत पाठवलेल्या कपाची आठवण प्रत्येक घरात निघेल, आणि ती सांगताना घरच्या बाईचा आवाज अजूनही थोडा चढेल. बरं, त्याला चहा आवडत नव्हता असंही नाही. चहाचा वास आला की त्याची मान आपोआप स्वयंपाकघराकडे वळायची. तरी तो नको म्हणायचा, कारण चहा घेतला की त्याचे तास कापले जायचे. आणि तास कापणारा अधिकारी तो स्वतःच होता.

हा माझ्या बायकोचा मावसभाऊ, म्हणजे माझा मेहुणा. गाव साताऱ्याकडचं. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या छातीवरच्या फिती घरात देवाच्या शेजारी काचेच्या चौकटीत लावलेल्या. मुलगा विशीत असताना मामाच्या ओळखीने अमेरिकेला गेला, तिथे हॉटेलात भांडी घासून कंटाळला आणि ग्रीन कार्ड हातात पडताच एके दिवशी सरळ तिथल्या नौदलात भरती झाला. लढायला म्हणून गेलेल्या माणसाला नौदलाने कोठारात बसवलं. मग त्याने जगातल्या निम्म्या बंदरांत बोल्ट, बॅटऱ्या आणि टॉयलेट पेपरचे खोके मोजले. वडील गावात सांगायचे, “पोरगा आरमारात नाही गेला, वाण्याच्या दुकानात गेला.” पुढे त्याची बदली सिंगापूरला झाली, उत्तरेकडच्या बंदरात त्यांचं एक छोटं ऑफिस आहे तिथे.

बायकोने ही बातमी सांगितली तेव्हा, खरं सांगतो, मला मेहुण्याच्या आधी कांदे दिसले. जहाजांना शिधा-सामान पुरवायचा माझा धंदा. मी इथे आलो तो खलाशी म्हणून, एका बॅगेनिशी. आज माझी स्वतःची दोन गोदामं आहेत आणि त्यांतला एकही खिळा कुणी मला भेट दिलेला नाही. तेव्हा सख्खा नसला तरी घरचा माणूस आरमाराच्या कोठारात बसतोय म्हटल्यावर माझं डोकं चालणारच. पहिल्या रविवारी त्याला जेवायला बोलावलं. बायकोने कोंबडीचा रस्सा आणि भाकरी केल्या होत्या. हात धुऊन तो पानावर न बसता माझ्यासमोर येऊन ताठ उभा राहिला.

“दाजी, एक गोष्ट जेवायच्या आधी सांगतो. मी कोठारात आहे आणि तुम्ही पुरवठादार आहात. आपल्या दोघांत कांद्याचा विषय कधी निघायचा नाही.”

“कांद्याचं कोण बोललं?”

“ताईनं फोनवर सांगितलं, तुम्ही तीन दिवस फार खुशीत आहात.”

मग तो बसला आणि चार भाकऱ्या खाल्ल्या. मी त्याच्या आरमाराला आजतागायत एक कांदा विकलेला नाही.

हा माणूस नियमाने चालायचा असं म्हणणं अपुरं आहे. नियम चालायचे आणि तो त्यांच्या मागून जायचा. आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये किती माणसं मावतील याची पाटी आहे. ती आजवर फक्त त्याने वाचली असेल. एकदा माझी मुलगी, तिच्या दोन मैत्रिणी आणि एक ढोलकी घेऊन आम्ही खाली उतरत होतो, तर हा वजनाची बेरीज करून जिन्याने निघाला. मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणाली, “मामा सो स्ट्रिक्ट लाह.” तर जिन्यातून आवाज आला, “थँक यू.” त्याच्या खिशात बोटभर लांबीची स्टीलची पट्टी असायची. गणवेश चढवला की आरशासमोर उभं राहून तो त्या पट्टीने छातीवरच्या फिती आणि खिशाची कड यांतलं अंतर मोजायचा. पाव इंच. पाव इंच म्हणजे पाव इंच. त्यात एखादं सूत कमीजास्त झालं तर पुन्हा सगळं उतरवायचं. आणि एकदा कुणी वडीलधाऱ्याने काही सांगितलं, की ते मागे घेईपर्यंत त्याच्यासाठी तो हुकूम. माझी बायको एकदा गॅसपाशी त्याला म्हणाली, “मी येईपर्यंत दुधाकडे बघ.” ती आली तेव्हा दूध उतू गेलेलं, आणि हा बघत उभा. बायकोने कपाळाला हात लावला. त्याने एवढंच विचारलं, “आता बघायचं थांबवू का, ताई?”

आता तासांचं सांगतो. त्यांच्या नौदलात एक फीत आहे. फिकट निळी, तीवर हिरव्या-पिवळ्या उभ्या रेघा. ती लढाईसाठी मिळत नाही आणि कुठल्या समुद्रात जहाज नेलं म्हणूनही मिळत नाही. नोकरीच्या वेळेबाहेर, कुणी न सांगता, मोबदला न घेता, लोकांसाठी दीर्घकाळ काम केलं तर मिळते. मेहुण्याने ती फीत मनात धरली होती. त्यासाठी हिरव्या कापडी बांधणीची एक जाड वही केली होती आणि तीत प्रत्येक कामाचे तास आणि मिनिटं लिहीत होता.

“किती तास भरले म्हणजे देतात?” मी विचारलं. धंद्यातला माणूस पहिल्यांदा आकडा विचारतो.

“नियमात आकडाच नाही.”

“मग काळजी कसली?”

“हीच काळजी आहे ना दाजी. आकडा नाही म्हणजे किती कमी पडतील ते कळत नाही.”

म्हणून त्याने आपल्यापुरता नियम कडक केला होता. मोबदला न घेता असं लिहिलंय, तर चहा हा मोबदला. मी म्हटलं, अरे, चहा मोबदला कसा? चहा चहा आहे. त्यावर तो म्हणाला, “खाली कॉफी शॉपमध्ये विकत मिळतो की नाही?” आता आपल्या लोकांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. दाराशी आलेल्या कुरिअरवाल्यालाही आपण पाणी विचारतो. फुकट मदत करायला आलेला, त्यातून घरापासून लांब, बिनलग्नाचा, वाळका माणूस. त्याला न खाऊ घालता सोडणं कुठल्या मराठी घराला जमणार? त्यामुळे हा जितकं काम करायचा तितकं त्याच्यापुढे ताट यायचं, आणि जितकं ताट यायचं तितके तास कापले जायचे. हे मला सहन होईना. मी आयुष्यभर बंदरात घासाघीस केली, ग्रीक कप्तानांशी केली, चिनी दलालांशी केली. पण या माणसाइतकं कठीण गिऱ्हाईक मला भेटलं नाही. एका चहाची पंधरा मिनिटं वजा, तिथून त्याला दहावर आणायला मला दोन शनिवार लागले. मारी बिस्किट पाचवरून तीनवर आणलं. पोहे मात्र अर्ध्या तासावरून हलले नाहीत. वर लिंबू पिळलेलं असेल तर त्याचं काही धरणार नाही, एवढं त्याने आपण होऊन सोडलं.

बुओना व्हिस्टाच्या एका काँडोत एका इंजिनिअरचे आईवडील पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, आणि हे दोघं बाविसाव्या मजल्यावर पडद्याआडून जग बघत बसलेले. मेहुण्याने त्यांना एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, शिकवायला घेतली. रीतसर कवायत केली. कार्ड कसं टेकवायचं, कुठल्या बाजूला उभं राहायचं, चुकून पुढच्या स्टेशनला गेलो तर काय. चार रविवारांनी परीक्षा: दोघांनी एकट्यांनी जाऊन यायचं, हा मागच्या डब्यात लपून. परीक्षा उत्तम झाली आणि हा पुढच्या डब्यात त्यांच्यापाशी आला. आनंदाच्या भरात आजींनी गाडीतच पिशवीतून डबा काढला आणि लाडू त्याच्या तोंडाशी नेला. गाडीत खायला बंदी, आणि काम चालू असताना खायला त्याची स्वतःची बंदी. म्हणजे एका लाडवावर दोन कलमं. त्याने हात जोडले. आजींनी डबा मिटून पिशवीत टाकला. संध्याकाळी त्यांच्या मुलाला याचा फोन गेला: “आईंना सांगा, लाडू शर्टाच्या खिशात सापडला. चांगला होता. वीस मिनिटं वजा केली आहेत.”

पण त्याचं मुख्य काम शनिवारचं, आणि ते मी सुरू केलेलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण लोक विसरतात. मी खलाशी असताना माझं अपेंडिक्स भर समुद्रात फुटायला आलं, आणि जहाजाने मला इथे उतरवून पुढचा रस्ता धरला. अकरा दिवस हॉस्पिटलात होतो. नर्सा चांगल्या होत्या, डॉक्टर चांगले होते. पण अकरा दिवसांत माझ्याशी मराठीत एक शब्द बोलणारं कुणी नव्हतं. तेव्हा ठरवलं होतं, की या गावात पाय रोवले तर असं कुणाला पडू द्यायचं नाही. जहाजांच्या एजंटांशी माझा रोजचा संबंध. कुणी आपल्याकडचा खलाशी आजारी म्हणून उतरवला, की मला कळतं. दर शनिवारी सकाळी मी लोणचं, मोजे, फोनचं सिमकार्ड आणि बायकोने दिलेला वरणभात घेऊन जातो. हॉस्पिटलने एखाद्या संस्थेचं नाव मागितलं, म्हणून आमच्या भागातल्या छोट्या मराठी मंडळाचं नाव लावलं. मेहुणा पहिल्याच महिन्यात बरोबर यायला लागला आणि पुढे तीन वर्षं त्याने शनिवार चुकवला नाही.

माझी पद्धत आवाजाची. मी आत शिरलो की “काय रे, झोपून काय राहिलास?” असं वॉर्डभर ऐकू जातं. त्याची पद्धत उलटी. देवगडचा एक खलाशी मांडीचं हाड मोडून आला होता. त्याचं जहाज गेलेलं, आणि हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. माझ्या आवाजाने तो आणखी भिंतीत गेला. मेहुणा काही न बोलता खुर्ची ओढून बसला. पुढच्या शनिवारी दाढीचं सामान घेऊन आला आणि त्याची गुळगुळीत दाढी केली. अर्धी झाली असताना तो माणूस पहिल्यांदा बोलला, “माजी बोट खंय आसतली आता?” मेहुण्याने फोनवर जहाज शोधलं आणि कागदावर लिहून उशाशी ठेवलं: कोलंबोच्या दक्षिणेला. तेव्हापासून दर शनिवारी एक चिठ्ठी. एडनजवळ. सुएझच्या रांगेत. मग भूमध्य समुद्रात. तो माणूस ज्या दिवशी कुबड्यांवर पहिल्यांदा उभा राहिला, त्या दिवशी त्याने ताटात आलेलं संत्रं मेहुण्याच्या हातावर ठेवलं. मी बघत होतो. मला वाटलं, आता याचे हात जोडले जाणार. त्याने संत्रं सोललं आणि तिथेच खाल्लं, बिया रुमालात घेतल्या. खाली आल्यावर वही काढून लिहिलं: संत्रं एक, पूर्ण सकाळ वजा.

“अरे, चहाची दहा मिनिटं आणि संत्र्याची सकाळ? हा कुठला भाव?”

“चहा लोकांच्या घरात असतो, दाजी. त्याच्याकडे तेवढंच होतं.”

इथे मी घासाघीस केली नाही.

आता माझ्या दुखण्यावर येतो. मेहुणा येऊन वर्ष होत आलं तेव्हा मंडळाचा वर्धापनदिन झाला. सकाळी आठपासून मी हॉलवर. खुर्च्या मी लावल्या, पाण्याची पिंपं मी चढवली. संध्याकाळी केटरर आला. माणशी पाच पुऱ्या ठरल्या होत्या. मी टोपल्या मोजल्या तर चारच्या हिशोबाने निघाल्या. मी त्याला स्वयंपाकघरात धरला. पाचव्या पुरीचं कबूल करून घेऊन बाहेर आलो, तर व्यासपीठावर अध्यक्षबाई आभार मानत होत्या. ध्वनियंत्रणावाल्याचे आभार मानले. गाड्या लावणाऱ्याचे मानले. ज्याने पडद्याची दोरी ओढली त्याचे मानले. मी खांबाला टेकून वाट बघत राहिलो. मग आभार संपले आणि लोक पुऱ्या खायला उठले, त्या पाच-पाच. मी मोठ्याने काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. राजीनामा तिथेच एका कागदी ताटलीच्या मागे लिहिला आणि टेबलावर आपटला. घरी आल्यावर सगळ्यांना बसवून सांगितलं, “त्या कार्यक्रमाचा विषय या घरात काढायचा नाही. कुणीही. कधीही.”

मेहुणा म्हणाला, “दाजी, पण—”

“कुणीही.”

तो ताठ झाला. “बरं,” म्हणाला. आणि खरोखर त्याने तो विषय काढला नाही. शनिवारचं काम चालू राहिलं, पण मंडळाची पायरी मी चढलो नाही.

मागच्या वर्षी त्याच्या बदलीचा हुकूम आला. हातात तीन आठवडे. तो रविवारी आला, जेवला, ताटलीतल्या लिंबाच्या फोडीकडे बघत बसला. बायकोने खोदखोदून विचारलं तेव्हा कळलं, की त्याच्या अधिकाऱ्याची फीत द्यायची तयारी होती, अर्ज भरून झाला होता आणि फक्त एक कागद कमी होता. ज्या संस्थेसाठी काम केलं तिचं पत्र. एकदा इथून गेला की नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्याला यातलं काही माहीत असणार नाही.

“मग मागितलंस का नाही मंडळाकडे?”

“तुम्ही मंडळ सोडलंय, दाजी. तुमच्या माघारी तिथं जाऊन कागद आणणं बरं दिसत नाही.”

“माझ्या लेटरहेडवर देतो. उद्या सकाळी.”

“धंद्याचं चालत नाही. आणि तुम्ही नातेवाईक.” मग लिंबाची फोड बाजूला सारून म्हणाला, “जाऊ दे. बाबांना सांगायचं होतं इतकंच. मागे मी फोटो पाठवला तर त्यांनी एकेक फीत विचारली. ही कशाची? मी म्हटलं, अमक्या समुद्रात होतो. ही? तमक्या समुद्रात होतो. बाबा म्हणाले, म्हणजे सगळ्या हजेरीच्या. खरं आहे ते. मला जिथं पाठवलं तिथं मी गेलो. ही एकच अशी होती, की मी आपण होऊन गेलो.”

बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “पत्र मिळेल. तू बुटांना पॉलिश कर.”

शब्द देऊन बसलो, पण बुओना व्हिस्टाच्या त्याच काँडोत अध्यक्षबाई राहतात, तिथे पोचल्यावर फाटकासमोरून मी दोन चकरा मारल्या हे कबूल करतो. दोन वर्षांत रस्त्यात अध्यक्षबाई दिसल्या तर मी पलीकडच्या फूटपाथवर जात होतो. बाई सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. दार त्यांनीच उघडलं.

“या काका. चहा टाकते.”

“चहा नको. एक पत्र पाहिजे. माझ्यासाठी नाही.”

त्यांनी फितीपासून वजा केलेल्या चहा-लाडू-संत्र्यापर्यंत सगळं ऐकून घेतलं आणि लॅपटॉप उघडला. “किती तास लिहू?”

“साडेचारशे.” मी तयारीने गेलो होतो.

“त्यांना विचारूया का एकदा?” बाईंनी फोन लावून टेबलावर ठेवला. पलीकडून मेहुण्याचा आवाज आला, “दोनशे एकाहत्तर.”

“अरे, चारशे तरी म्हण,” मी म्हटलं.

“दाजी, तुम्ही तिथं? पोहे धरू नका.”

“पोहे निम्मे धरतो. तीनशे साठ.”

“दोनशे एकाहत्तर.”

“तू तिथं होतास की नव्हतास?”

“होतो. खात होतो.”

अध्यक्षबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. मी फोन बंद केला. बाईंनी दोनशे एकाहत्तर लिहिलं, आणि मग आणखी बराच वेळ लिहीत राहिल्या. पत्र सही करून हातात दिलं आणि लिफ्टपर्यंत सोडायला आल्या.

“काका, एक बोलू? त्या दिवशी आभारांत पहिलं नाव तुमचंच घेतलं होतं मी.”

“मी तिथंच होतो.”

“तुम्ही स्वयंपाकघरात होतात.”

“मग व्हिडिओ दाखवा.”

“कॅमेरावाला नेमकी बॅटरी बदलत होता तेव्हा.”

“सोयीची बॅटरी आहे,” म्हटलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. हॉलमध्ये दीडशे माणसं होती, पण मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मला लागलंय हे कबूल केल्यासारखं झालं असतं. दार मिटता मिटता बाई म्हणाल्या, “यंदा पुऱ्यांचं बघायला कुणी नाहीये.”

फीत द्यायचा समारंभ त्यांच्या ऑफिसच्या आवारात झाला. आम्हा दोघांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. पांढऱ्या गणवेशातली पंचवीसेक माणसं एका ओळीत उभी. त्याचा अधिकारी, सहा फुटी गोरा गृहस्थ, बाईंचं पत्र वाचू लागला. आजारी खलाशी, वृद्ध पाहुणे, तीन वर्षं, दोनशे एकाहत्तर तास. मग त्याने भुवया उंचावल्या आणि सावकाश पुढचं वाक्य वाचलं. त्याचा अर्थ असा, की या तासांतून सदर गृहस्थांनी स्वतः होऊन चहा, पोहे, एक लाडू आणि एका रुग्णाने दिलेलं एक संत्रं यांचा वेळ वगळलेला आहे. पोहे या शब्दाशी त्याची जीभ बरीच झुंजली. ओळीत हसू पसरलं. संत्र्यापाशी ते थांबलं. अधिकाऱ्याने कागद खाली केला, मेहुण्याकडे क्षणभर बघितलं आणि फीत लावली. मी शेवटच्या रांगेतून डोळे बारीक करून बघितलं. खिशापासून पाव इंच होती.

नंतर तिथे चहा आणि केक होता. मेहुण्याने एकापाठोपाठ तीन कप घेतले. मी विचारलं, “आता? किती वजा?”

“आज ड्यूटीवर आहे, दाजी,” तो म्हणाला. “ड्यूटीवर चालतो.”

त्याने तिथूनच वडिलांना फोटो पाठवला आणि फोन लावला. वडिलांना कमी ऐकू येतं म्हणून ते ओरडून बोलतात, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

“ही कशाची?”

त्याने सांगितलं. पत्रात काय होतं तेही सांगितलं.

“संत्र्याचं खरं का?”

“हो, बाबा.”

“खाल्लंस ते बरं केलंस,” म्हातारा म्हणाला आणि फोन ठेवला.

विमानतळावर आम्ही दोघं सोडायला गेलो. आत जाण्यापूर्वी त्याने ती हिरवी वही माझ्या हातात दिली. “ही इथंच राहू दे. अर्धी कोरी आहे, शनिवारला उपयोगी पडेल.” मग ताईच्या पाया पडला, माझ्या पडला आणि मागे न बघता निघून गेला. मागे बघू नको असं बायकोच म्हणाली होती, रडू येईल म्हणून.

घरी येऊन वही चाळली. त्याची पानं ठाऊक होतीच. पण वही उलटी धरली तर शेवटाकडूनही लिहिलेली होती. पहिल्या पानावर डोक्यावर शब्द होता: दाजी. तीन वर्षांतले माझे सगळे शनिवार तिथे होते, तारीखवार. किती वाजता आलो, किती वाजता निघालो. गोदामातलं काम सोडून आलो ते. एजंटाला फोनवर झापलं ते, कारण त्याने एका पोराचा पासपोर्ट अडवून ठेवला होता. मी दर शनिवारी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये दोन कप चहा आणि एक वडा खायचो. त्याचं एक मिनिटही कापलेलं नव्हतं. मग वर्धापनदिनाचं पान आलं. त्याच्या बारीक, सरळ अक्षरात एवढंच होतं:

“सकाळी आठ ते रात्री आठ. आभारांत पहिलं नाव दाजींचं. टाळ्या मोठ्या, बराच वेळ. दाजी स्वयंपाकघरात, पुऱ्या मोजत. वाद चाळीस मिनिटं, वजा. घरी हुकूम: विषय काढायचा नाही.”

मी ते पान तीनदा वाचलं आणि सकाळ होताच त्याला फोन लावला. तो तोवर जपानात उतरला होता.

“दोन वर्षं तू बोलला का नाहीस?”

“तुम्ही ‘कुणीही’ म्हणालात.”

“अरे, पण मी तुझ्यासमोर इतका चडफडत होतो.”

“हुकूम मागं घेतला नव्हता, दाजी.” मग हलक्या आवाजात म्हणाला, “लिहून मात्र ठेवलं. लिहायला बंदी नव्हती.”

मी अध्यक्षबाईंना फोन केला. पुऱ्यांचं मी बघतो, एवढंच बोललो. त्याही जास्त बोलल्या नाहीत, हे त्यांचं मला आवडलं.

परवाच्या शनिवारी गेलो होतो. रत्नागिरीचा एक इंजिन रूममधला माणूस आलाय, हात भाजलेला. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यात बसलो आणि आवाज न करता बसायचा प्रयत्न केला. दाढी मला जमत नाही. पण फोनवर त्याचं जहाज शोधलं आणि चिठ्ठी लिहून उशाशी ठेवली. थोड्या वेळाने त्याने स्वतःसाठी आलेला चहा डाव्या हाताने माझ्याकडे सरकवला. नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्याच्याकडे बघितलं आणि घेतला. खाली आल्यावर वही काढली आणि माझ्या बाजूच्या पानावर लिहिलं: चहा एक, दहा मिनिटं वजा. मेहुण्याचा मूळ भाव पंधराचा होता. पण दहावर ठरलं होतं आमचं.